नेट झाली, सेट झाली, पीएचडीही झाली; मग विद्यापीठात जागा भरतात तरी कशा?

विद्यापीठाची प्राध्यापक भरतीची जाहिरात आली की सीमाभागातल्या घरांत दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. ‘जागा आधीच ठरलेल्या असतात, अर्ज करून काय उपयोग?’ हे एक. आणि ‘आपल्या पोराची सेट झालीय, आता काम झालंच’ हे दुसरं. पहिल्या वाक्यात किती तथ्य आहे ते पुढे पाहू. पण जास्त नुकसान दुसऱ्या वाक्यानं होतं. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची किंवा तिकडे बिदर जिल्ह्यातल्या औराद, भालकीकडची मुलं शिकायला कोल्हापूर, पुणे, सोलापूर, हैदराबादला जातात, परीक्षा एका राज्याची देतात, जातीचा दाखला दुसऱ्या राज्याचा असतो आणि नोकरी तिसऱ्या ठिकाणी शोधतात. यात कुठलं कागद कुठं चालतं आणि कुठं चालत नाही, हे वेळेत कुणी सांगत नाही. म्हणून ही सगळी प्रक्रिया सुरुवातीपासून समजून घेऊ.

जागा येते कुठून?

सरकारी विद्यापीठाला वाटलं म्हणून प्राध्यापकाची जागा निर्माण होत नाही. पद मंजूर करतं राज्य सरकार, कारण पगार सरकारी तिजोरीतून जातो. कोणी निवृत्त झालं तरी ती रिकामी जागा आपोआप भरता येत नाही. विद्यापीठानं प्रस्ताव पाठवायचा, उच्च शिक्षण खात्यानं तो तपासायचा, वित्त खात्यानं होकार द्यायचा, मग जाहिरात. वित्त खात्याचा होकार हाच सगळ्यात अरुंद दरवाजा. पगार आणि पेन्शन मिळून एका प्राध्यापकाचा खर्च तीसेक वर्षं सरकारच्या डोक्यावर बसतो, आणि निवृत्तीची जागा रिकामी ठेवणं हा खर्च वाचवायचा सगळ्यात सोपा, आवाज न होणारा मार्ग आहे. महाराष्ट्रात अनुदानित महाविद्यालयांतल्या २०८८ सहायक प्राध्यापक पदांचा विषय किती वर्षं गाजला ते वाचकांना आठवत असेलच.

मंजुरी मिळाली की बिंदुनामावली, म्हणजे रोस्टर. कोणती जागा कोणत्या प्रवर्गाला जाणार हे इथं ठरतं आणि भरती सगळ्यात जास्त अडकते तीही इथंच. वाद असा की रोस्टर संपूर्ण विद्यापीठाचं एक धरायचं की प्रत्येक विभागाचं वेगळं? फरक मोठा आहे. केंद्राच्या १३ बिंदूंच्या रोस्टरमध्ये चौथी, आठवी आणि बारावी जागा ओबीसीला, सातवी अनुसूचित जातीला आणि चौदावी अनुसूचित जमातीला जाते. आता विभाग हे एकक धरलं आणि विभागात तीनच जागा असल्या, तर तिन्ही खुल्या! मराठी, संस्कृत, तत्त्वज्ञान अशा छोट्या विभागांत आरक्षणाचा क्रमांक कधी येणारच नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयानं २०१७ मध्ये विभाग हेच एकक धरलं, त्यावर देशभर आंदोलनं झाली, भरत्या थांबल्या. शेवटी २०१९ मध्ये संसदेनं कायदा करून केंद्रीय संस्थांसाठी संपूर्ण विद्यापीठ हे एकक ठरवलं. राज्य विद्यापीठांना आपापल्या राज्याचे नियम लागू होतात. त्यामुळे कोल्हापूरचं रोस्टर पाहून बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या जाहिरातीचा अंदाज बांधू नये.

पात्रता: कागदावर सोपी, सीमेवर अवघड

किमान पात्रता विद्यापीठ अनुदान आयोग ठरवतो. सध्याच्या भरतीचा पाया म्हणजे आयोगाचे १८ जुलै २०१८ चे नियम आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या. सहायक प्राध्यापकासाठी पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के (अनुसूचित जाती, जमाती, नॉन क्रिमिलेअर ओबीसी आणि दिव्यांग उमेदवारांना ५० टक्के) आणि सोबत नेट किंवा सेट, अथवा आयोगाच्या नियमांप्रमाणे झालेली पीएचडी. मधल्या काळात विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकासाठी पीएचडी सक्तीची होणार होती. ती मुदत आधी २०२१ वरून २०२३ वर गेली आणि १ जुलै २०२३ पासून सक्तीच काढून टाकली. आजही काही जण ‘विद्यापीठाला पीएचडीशिवाय अर्जच करता येत नाही’ असं सांगतात, ते बरोबर नाही. अर्ज करता येतो. पण छाननीत टिकता येतं का, हा वेगळा प्रश्न, त्यावर पुढे.

सहयोगी प्राध्यापकाला पीएचडी, आठ वर्षांचा अनुभव, किमान सात प्रकाशनं आणि ७५ संशोधन गुण लागतात. प्राध्यापक पदासाठी दहा वर्षांचा अनुभव, दहा प्रकाशनं आणि १२० संशोधन गुण.

आता आपल्या लोकांचा खरा घोळ. नेट देशभर चालते. सेट तशी चालत नाही. १ जून २००२ पूर्वी झालेली सेट कुठंही ग्राह्य आहे, पण त्यानंतरची सेट ज्या राज्यासाठी घेतली त्या राज्यातल्या विद्यापीठांत आणि महाविद्यालयांतच चालते. पुण्याचं सावित्रीबाई फुले विद्यापीठ घेतं ती सेट महाराष्ट्र आणि गोव्यासाठी. कर्नाटकची केसेट पूर्वी म्हैसूर विद्यापीठ घ्यायचं, २०२३ पासून कर्नाटक परीक्षा प्राधिकरण घेतं, ती कर्नाटकापुरती. म्हणजे कोल्हापुरात एमए करून महाराष्ट्राची सेट पास झालेली बेळगावची मुलगी पणजीत अर्ज करू शकते, सावंतवाडीत करू शकते, पण स्वतःच्या घरापासून काही किलोमीटरवर असलेल्या भुतरामहट्टीच्या विद्यापीठात त्या सेटवर करू शकत नाही. तिला नेट, केसेट किंवा नियमात बसणारी पीएचडी लागणार. ज्याला दोन्ही बाजूंना नोकरी शोधायची आहे त्यानं नेटच्या मागं लागावं, हे सरळ गणित आहे. परीक्षेची फी एकदाच भरायची असेल तर ती कुठं भरावी याबद्दल माझ्या मनात तरी शंका नाही.

दुसरा घोळ आरक्षणाचा. राज्य बदललं की आरक्षण बदलतं. एका राज्यातल्या अनुसूचित जातीच्या व्यक्तीला दुसऱ्या राज्याच्या नोकरीत त्या जातीचा लाभ मागता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं १९९० मध्ये मर्री चंद्रशेखर राव प्रकरणात आणि पुन्हा २०१८ मध्ये बीर सिंग प्रकरणात स्पष्ट केलं. जात दोन्ही राज्यांच्या यादीत असली तरीही! मराठा समाजाचंही तसंच. कर्नाटकात मराठा ३ब प्रवर्गात येतात. महाराष्ट्रात २०२४ च्या कायद्यानं वेगळं आरक्षण दिलं ते महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी. बेळगावचा मराठा उमेदवार ३ब चा दाखला घेऊन कोल्हापूरला गेला तर तिथं तो खुल्या गटातलाच. इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याच्या वाचकांनाही हेच लागू आहे.

खुल्या गटातून मात्र राज्याची भिंत बहुतेक ठिकाणी नसते, कारण आयोगाच्या नियमानुसार विद्यापीठातली थेट भरती अखिल भारतीय जाहिरातीनंच करावी लागते. सीमाभागापुरती आणखी एक गोष्ट. महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या उमेदवारांना महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत अधिवासाच्या अटीसाठी १५ वर्षांच्या वास्तव्याचा विहित नमुन्यातला दाखला चालतो. तो दाखला अधिवासाचा प्रश्न सोडवतो, आरक्षणाचा नाही. लोक इथं गल्लत करतात.

गोव्यात सरकारी महाविद्यालयांच्या जागा गोवा लोकसेवा आयोग भरतो. तिथं १५ वर्षांचं वास्तव्य आणि कोकणीचं ज्ञान आवश्यक, मराठीचं ज्ञान इष्ट, असं लिहिलेलं असतं. ‘इष्ट’ या शब्दावर विसंबून अर्ज करू नका. कर्नाटकात सरकारी पदवी महाविद्यालयांची भरती लेखी स्पर्धा परीक्षेनं होते. मार्च २०२२ मध्ये १२४२ जागांसाठी परीक्षा प्राधिकरणानं ती घेतली होती. बिदर, कलबुर्गीकडे कलम ३७१ञ खाली कल्याण कर्नाटकातल्या स्थानिकांसाठी वेगळ्या राखीव जागा असतात. बिदरच्या मराठी माणसाला तो फायदा आहे, बेळगावच्या नाही.

गुणांचा तक्ता

अर्ज शंभर आले आणि जागा एक असली की छाननी होते. विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकासाठी २०१८ च्या नियमांत शंभर गुणांचा तक्ता आहे. पदवीला ८० टक्क्यांच्या वर १५ गुण, ६० ते ८० ला १३. पदव्युत्तरला तसेच २५ आणि २३. पीएचडीला ३०. जेआरएफसह नेट ७, नुसती नेट ५, सेट ३. शोधनिबंधांना प्रत्येकी २, जास्तीत जास्त १०. अनुभवाला वर्षाला २, तेही जास्तीत जास्त १०. पुरस्काराला ३.

उदाहरण घेऊ, वाणिज्य शाखेचंच. पहिला उमेदवार: बीकॉम ६२ टक्के, एमकॉम ६४ टक्के, सेट, पीएचडी, दोन निबंध, तीन वर्षं ग्राह्य अनुभव. त्याचे १३ अधिक २३ अधिक ३ अधिक ३० अधिक ४ अधिक ६, एकूण ७९. दुसरी उमेदवार: बीकॉम ८१, एमकॉम ८२, पहिल्याच फटक्यात जेआरएफ, दोन निबंध, पीएचडी चालू आहे. तिचे १५ अधिक २५ अधिक ७ अधिक ४, एकूण ५१. हुशार कोण, हा प्रश्न तक्ता विचारत नाही. पीएचडीची सक्ती कागदावरून गेली तरी ३० गुणांच्या रूपानं ती दारात उभीच आहे. महाविद्यालयांसाठीचा तक्ता वेगळा, तिथं पदवीला जास्त वजन आणि पीएचडीला २५. तरीही अंतर राहतंच.

पण थांबा. याच नियमात एक ओळ आहे आणि ती फार थोडे जण वाचतात: हे गुण फक्त मुलाखतीला बोलावण्यापुरते. निवड मुलाखतीतल्या कामगिरीवरच होणार. म्हणजे ७९ वाला आणि ६० वाला दोघेही आत गेले की दोघांची पाटी कोरी. ‘जागा ठरलेल्या असतात’ या संशयाचं मूळ या ओळीत आहे, असं मला वाटतं. वीस मिनिटांच्या मुलाखतीत दहा वर्षांचं काम पुसलं जाऊ शकतं, आणि का पुसलं गेलं हे बाहेर कळत नाही. काही विद्यापीठं मुलाखतीआधी वर्ग घ्यायला लावतात, संशोधनाचं सादरीकरण ठेवतात. तेवढं झालं तरी चित्र बरंच स्वच्छ होतं. शिकवणाऱ्याला निवडताना त्याला शिकवताना पाहायचंच नाही, ही गोष्ट मला तरी पटत नाही.

मुलाखत घेतं कोण? अध्यक्ष कुलगुरू. कुलपतींनी नेमलेले एक प्राध्यापक दर्जाचे सदस्य. त्या विषयाचे तीन तज्ज्ञ, ज्यांची नावं विद्यापीठाच्या अधिकृत मंडळानं मान्य केलेल्या यादीतून कुलगुरू निवडतात. शिवाय अधिष्ठाता आणि विभागप्रमुख. अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक, महिला किंवा दिव्यांग यांपैकी कोणी उमेदवार असेल आणि समितीत त्या गटाचं कोणी नसेल, तर तसा एक सदस्य घ्यावाच लागतो. किमान चार जण हजर हवेत आणि त्यात दोन बाहेरचे विषयतज्ज्ञ. बाहेरचे तज्ज्ञ ताठ कण्याचे असले तर समिती चालते. नसले तर सगळं एका खुर्चीवर येतं. अनुदानित खासगी संस्थांमधल्या ‘देणगी’बद्दल लोक जे दबक्या आवाजात बोलतात ते इथं सिद्ध करता येणार नाही, पण ती कुजबुज इतकी वर्षं थांबत नाही ही वस्तुस्थिती आहे.

निवड समिती फक्त शिफारस करते. कर्नाटकात सिंडिकेट आणि महाराष्ट्रात व्यवस्थापन परिषद यांच्यापुढे विषय जातो, मग ऑर्डर निघते. यादीत नाव आलं म्हणजे नोकरी मिळालीच असा हक्क तयार होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्येच सांगून ठेवलंय. मात्र उलट बाजूही आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठानं स्पष्ट केलं की भरती सुरू झाल्यावर निवडीचे नियम मध्येच बदलता येत नाहीत, आधीच्या नियमांत किंवा जाहिरातीत तशी मुभा असेल तरच. म्हणून जाहिरातीची आणि प्रत्येक शुद्धिपत्रकाची प्रत जपून ठेवा. आपले छाननीतले गुण माहिती अधिकारात मागता येतात, तेही मागून ठेवा.

पाहुण्यांवर चाललेली विद्यापीठं

जागा भरत नाहीत म्हणून वर्ग थांबत नाहीत. तिथं येतात अतिथी प्राध्यापक, महाराष्ट्राच्या भाषेत तासिका तत्त्वावरचे, सीएचबीवाले. आयोगानं २०१९ मध्ये अतिथी प्राध्यापकांना तासाला १५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० अशी शिफारस केली. नियमित सहायक प्राध्यापकाचा सातव्या वेतन आयोगातला सुरुवातीचा मूळ पगारच ५७,७०० आहे, भत्ते वेगळे. आणि ५०,००० ही वरची मर्यादा आहे. प्रत्यक्षात त्याच्या जवळपासही न जाणारे किती जण आपल्या आजूबाजूला आहेत, ते वाचकांनीच मोजावं. सुट्टीत तर तेही बंद.

यातला सगळ्यात क्रूर भाग पगाराचा नाही, अनुभवाचा आहे. २०१८ च्या नियमांप्रमाणे हंगामी किंवा कंत्राटी सेवा वरच्या पदासाठी धरायची तर त्या काळातला एकूण पगार नियमित सहायक प्राध्यापकाच्या पगारापेक्षा कमी नसावा, अशी अट आहे. म्हणजे जो पगार तुम्ही दिलाच नाही, तो मिळाला नाही म्हणून त्याची वर्षं मोजायची नाहीत! दहा वर्षं शिकवून, दहा बॅचेस बाहेर काढून एखादी बाई सहयोगी प्राध्यापकाच्या अर्जात ‘अनुभव’ या रकान्यात शून्य लिहिते. कंत्राटी शिक्षक एकूण पदांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत असं तेच नियम सांगतात. ती ओळ कोणी अंमलात आणायची हे मात्र कुठं लिहिलेलं दिसत नाही.

संशोधनाचं काय होतं ते आता पाहा. पीएचडीला मार्गदर्शक फक्त कायमस्वरूपी प्राध्यापक होऊ शकतो. २०२२ च्या पीएचडी नियमांप्रमाणे प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगीकडे सहा, सहायककडे चार विद्यार्थी. एका विभागात एक प्राध्यापक, दोन सहयोगी आणि चार सहायक असले तर ८ अधिक १२ अधिक १६, म्हणजे ३६ संशोधक विद्यार्थी सामावतात. त्यातले एक सहयोगी आणि एक सहायक एवढेच उरले तर फक्त दहा. बाकी २६ जागा गेल्या. शिवाय निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिली की नवा विद्यार्थी घेता येत नाही, त्यामुळे जागा कागदावर भरलेली असतानाच मार्गदर्शन आटायला लागतं. एनआयआरएफ क्रमवारीत अध्यापनाच्या निकषात शिक्षक-विद्यार्थी प्रमाण आणि पीएचडीधारक शिक्षक मोजतात, तिथंही विद्यापीठ मागं पडतं. क्रमवारी घसरली की चांगला विद्यार्थी पुण्या-बेंगळुरूला जातो. जो राहतो त्याला ‘गाइड मिळत नाही’ हे वाक्य पाठ झालेलं असतं.

मराठी विभागांना याचा फटका जास्त बसतो. महाराष्ट्राबाहेर बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ, हैदराबादचं उस्मानिया, कलबुर्गीचं गुलबर्गा विद्यापीठ, बनारस हिंदू विद्यापीठ, गोवा विद्यापीठ इथं मराठीचे विभाग आहेत. अशा विभागांत मुळात चार-पाच पदं. त्यातले दोघं निवृत्त झाले की अर्धा विभाग संपला. मग विद्यार्थी कमी येतात, आणि विद्यार्थी कमी म्हणून वित्त खातं म्हणतं, पद कशाला भरायचं? हे चक्र एकदा सुरू झालं की थांबवणं कठीण. अशा वेळी स्थानिक मराठी संस्थांनी साहित्य संमेलनात ठराव करण्यापेक्षा पद मंजुरीची फाइल कोणत्या टेबलावर आहे ते विचारायला जावं, असं मला स्पष्ट वाटतं.

मराठीच्या उमेदवारांना उपयोगी पडेल अशी एक नोंद. वरच्या पदांसाठीच्या संशोधन गुणांत भाषा, सामाजिक शास्त्रं आणि वाणिज्य विषयांच्या शोधनिबंधाला १० गुण आहेत, विज्ञानाला ८. भारतीय भाषांतल्या भाषांतरालाही गुण आहेत: पुस्तकाला ८, प्रकरणाला किंवा निबंधाला ३. कन्नड-मराठी, तेलुगू-मराठी दोन्ही भाषा घरातूनच येणाऱ्या आपल्या मुलांना हे काम जमण्यासारखं आहे. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के गुण मिळतात. फक्त निबंधांच्या जोरावर ७५ गाठता येत नाहीत, सहापैकी किमान तीन प्रकारांतून गुण यावे लागतात. आणि आयोगानं फेब्रुवारी २०२५ मध्ये केअर यादी बंद केली, त्यामुळे कोणतं नियतकालिक ग्राह्य धरायचं हे आता विद्यापीठानं ठरवायचं आहे. पैसे घेऊन चार दिवसांत निबंध छापणाऱ्यांपासून लांब राहा. समितीतल्या बाहेरच्या तज्ज्ञाला ती नावं तोंडपाठ असतात.

जानेवारी २०२५ मध्ये आयोगानं नव्या नियमांचा मसुदा काढला. त्यात पदवी एका विषयाची आणि नेट दुसऱ्या विषयाची असली तरी नेटच्या विषयात अर्ज करता येईल, गुणांच्या तक्त्यांऐवजी उल्लेखनीय योगदान पाहिलं जाईल, कंत्राटी शिक्षकांची दहा टक्क्यांची मर्यादा राहणार नाही, अशा गोष्टी होत्या. कुलगुरू निवडीच्या मुद्द्यावरून कर्नाटक, केरळ, तमिळनाडू या राज्यांनी त्याला जोरदार विरोध केला. त्यामुळे अर्ज भरताना जाहिरातीत ‘कोणत्या वर्षाच्या नियमांनुसार’ असं लिहिलंय ती ओळ आधी शोधा. पात्रता अर्जाच्या शेवटच्या तारखेला पूर्ण लागते. पीएचडीची तोंडी परीक्षा झाली पण अधिसूचना निघाली नाही, अशा अवस्थेत अर्ज करत असाल तर विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून तारखेचं पत्र आधी हातात घ्या. सेटचं प्रमाणपत्र जोडण्यापूर्वी त्यावर कोणत्या राज्याचं नाव आहे तेही एकदा वाचा.